पिंजाऱ्याचा ससा

—हात नका लावू बाई, तो पिंजलेला कापूस नोहे. ससा हाये तो, जिता ससा. मांडीवर बसला म्हणून तुमाले गोळा वाटला, साऱ्याइलेच वाटते. बसा ना सुगंधाबाई, त्या पोत्यावर बसा. कापसाची गठडी बाहेरच राहू द्या, आत नका आणू. आइकलं मी तुमचं — लेकीचं लगीन, गादी पाह्यजे, मालूम झालं. पण माहे हात गुतले हायेत, पाह्यता ना? साल में दोन डाव झडते हा, चैतात अन् आता कार्तिकात. थंडीचे नवे केसं आतून येतात अन् जुने मुठी-मुठीनं सुटतात. हात असा पाण्यात बुडवाचा, झटकाचा, अन् डोक्याकडून शेपटीकडे फिरवाचा — उलटा नाई, उलटा फिरवला का चावते — हे पाहा, एका हातात एवढे निघाले. मग उवांची फणी. पोटाखाली जपून, तिथली चामडी पातळ. दिवसातून तीन डाव करा लागते. काऊन? अवो, हा सोताले चाटते दिवसभर, केसं पोटात जातात. मांजर ओकून टाकते, याले ओकता येत नाई, अल्लानं तशी सोयच नाई केली. मग लेंड्या पाहाच्या रोज. बारीक झाल्या, केसानं एकीले एक ओवल्यासारख्या पडल्या, तर समजाचं का आत गुंता होऊन राह्यला. परवा तशाच पडल्या. कालपासून एकही नाई. खाल्लं बी नाई काही. पोट चोळतो, पाणी पाजतो, हरळी तोंडापाशी धरतो. आज खाल्लं नाई तर हा जाते.

हसता काय? पिंजाऱ्याले सशाचं इतकं कोणं शिकवलं म्हणता — नूरीनं. माही पोट्टी. पाह्यली हाये तुम्ही, मागच्या साली पाणी देल्लं होतं तुमाले, पितळी लोट्यातून. हां, तीच. मार्कंड्याच्या जत्रेत घेऊन देल्ला होता हा, तर विकणाऱ्यापाशी दुपारभर बसून एक-एक गोष्ट पुसून आली. काय खाते, कवा झडते, कसा उचलाचा. नाई, घरी नाई ती आता. इथी नाई.

तिले खोकला होता ना. चैतात हा असाच झडत होता — चुलीपाशी केसं, तिच्या ओढणीवर केसं, अन् ती खोकलून राह्यली. मीच म्हणलं, दुसऱ्या कोणाचं नाव नाई घेत, मीच म्हणलं का हा ससाच तिची छाती खाते. मले नाई समजन तर कोणाले समजन? पंचवीस साल झाले, कापसाच्या रेशातच तं बसलो हावो. उचलला अन् राजुऱ्याले बहिणीच्या घरी, मोगलाईत, नेऊन टाकला. ती रडली नाई. एवढंच बोलली — अब्बा, कार्तिकात याचे केसं कोण काढन?

आता आइका. ससा होता तोवर ती आंगणात राहे. सकाळपासून कडुनिंबाखाली, त्याच्या मागं-मागं. ससा गेला, मग आंगणात काय करन ती? आली आत, माह्यापाशी. अब्बा, मी सरकी वेचतो म्हणे. लगीनसराई होती, गादीवर गादी. अन् आमचा धंदा तुमाले मालूम — कापूस पिंजाची धुनकी वाजाच्या आधी दार लावा लागते, खिडकी लावा लागते, नाई तं वाऱ्यानं कापूस उडते. माह्या बापानं तेच केलं, त्याच्या बापानं तेच. दार लावलं का घरात पांढरं धुकं, समोरचा माणूस दिसत नाई. मले बरं वाटे. पोट्टी बापाजवळ बसली, केसांपासून दूर बसली. खोकला वाढला तं म्हणलं, आंगणात सशाचा एखादा केस राह्यला असन, तो उडून येत असन. म्हणून दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. या हातानं कोंबल्या.

चांद्याच्या डाक्टरनं छातीले नळी लावली. पुसलं, धंदा काय करता? पिंजारी, म्हणलं. त्यानं नळी काढून टेबलावर ठेवली अन् माह्या बाहीकडे पाहत राह्यला. बाहीले कापूस होता. म्हणे, पोरीले यापासून दूर ठेवाचं होतं. मी म्हणलं — ठेवलं ना साहेब, ससा राजुऱ्याले नेऊन टाकला.

पोळ्यानंतर पाचव्या दिवशी गेली.

नाई, उठू नका, तसं काही नाई. मी रडत नाई. तवाही नाई आलं रडणं. तिची माय, सुलताना, रडते, तिकडे आतल्या खोलीत, ती या दुकानात पाय ठेवत नाई. मी जेवतो, झोपतो. लोक सांगतात आपला चांदा आता मुंबई राज्यात गेला — गेला असन. पोरीचा चाळिसावा दिवस झाला अन् राजुऱ्याहून याले घेऊन आलो. तिनं पुसलं होतं ना, कोण काढन म्हणून. तेवढंच एक काम राह्यलं माह्याकडे, बाई, अन् तेही नीट—

थांबा. हलू नका. काडी ओढली त्यानं. पाहा... खाते. दातात घेऊन खाते. दुसरी द्या मले, तुमच्या पायापाशी हाये ती हरळी. हां. खाते.

मले वाटलं होतं, यानं तोंड लावलं का माह्या आत काही तरी होईन. काही नाई झालं. जसा होतो तसाच बसलो हावो.

गादीचं म्हणता? ती पाहा धुनकी, आढ्याले टांगली. तिची तात, आतड्याची दोरी, काढून फेकली. बाजारात नूर मोहम्मदकडे जा, चांगला पिंजते. पण लेकीले संग नेऊ नका, अन् त्याच्या घरी लेकरं असतीन तं म्हणा, पहिले बाहेर पाठव. माहं नाव सांगा, गफ्फारनं सांगितलं म्हणून. जा आता, ऊन झालं.

दार नका लावू, बाई. लावू नका ते.