पट्टीतली चांदी

आरोही : आप्पा, पायाची पट्टी कुणी सोडली?

सुबराव : मी सोडली. वरडू नकोस.

आरोही : शुक्रवारपर्यंत हात लावायचा न्हाय म्हणून डॉक्टरांनी बजावलंतं! आज मंगळवार.

सुबराव : तुझी ती चांदीची पट्टी खोटी हाय. फार्मसी शिकून बी फसलीस तू.

आरोही : खोटी?

सुबराव : चाळीस वर्सं वडगावात जरीच्या साड्या विणतोय. खरी जर बोटाला कळती. तरी म्हटलं, उगच कुणावर आळ नको. पट्टीचा एक धागा उपसला नि काडी लावली.

आरोही : काडी लावली?

सुबराव : व्हय. खरी असती तर सूत जळून चांदी मागं ऱ्हायली असती. हितं निसती काळी गोळी. वास पलास्टिकचा.

आरोही : देवा! आप्पा, ते प्लास्टिकच हाय. वर चांदीचे नॅनो कण लावलेले असतात. रेशमाच्या एका तंतूच्या जाडीत हजारभर मावतील, इतके बारीक. काडी लावून काय दिसणार?

सुबराव : मग दिसत न्हाय ती चांदी करती काय?

आरोही : शुगरमुळं चिघळलेल्या जखमेतले जंतू मारती, रात्रंदिवस. म्हणून तर सोडायची नसती. आटोक्यात न्हाय आलं तर अंगठा काढणार म्हणालेत. तुम्हीच हात जोडलेलासा न्हवं, मागाची पावडी दाबायला अंगठा ठेवा म्हणून?

सुबराव : जोडले की. म्हणूनच जीव ऱ्हाईना. आत काय चाललंय कळंना. आग न्हाय, ठणका न्हाय. औषध लागू पडलं तर चुरचुरायला पायजे का नको?

आरोही : कधीपासनं उघडी हाय जखम?

सुबराव : सकाळपासनं. वाईच हळद दाबली.

आरोही : हळद! आणि मागावर बसलासा?

सुबराव : चार बोटं विणली फकस्त.

आरोही : आई, शेजारच्या नागेंद्रला रिक्षा आणायला सांग, आत्ताच्या आत्ता! आप्पा, पाय इकडं द्या.

(ती त्याचा पाय मांडीवर घेते.)

सुबराव : रागावू नकोस, आरोही. लई भ्यालोय मी.

आरोही : मी पण भ्यालेय. हलू नका.

सुबराव : ऱ्हाईल न्हवं अंगठा?

आरोही : शेंड्याला दाबून बघते. दुखलं की सांगा.

सुबराव : सांगतो. दाब.

(ती अंगठ्याचा शेंडा चिमटीत धरते.)

सुबराव : दाब की गं.

आरोही : दाबलाय, आप्पा.