छातीतली साखर

माझं माहेर रहिमतपूरचं, दिलं आष्ट्याला, आन दोन्हीकडं ऊसच, त्यामुळं कोयता हातात कवा आला ते आठवतबी न्हाई बघा. नव्वद सालाच्या पुढची गोष्ट हाय. दम लागायला लागला, चार पावलं चाललं की बसायचं, मग डाक्टर म्हनले हृदयाची झडप खराब झालीया, छाती उघडून बदलाय पायजे. सांगलीला ऑपरेशन झालं, झ्याक झालं, घरी आले.

घरी आले तर बघायला सगळं गाव. आमच्यात बघायला आलेलं मानूस खाटंवरच टेकतं, कुठं चिरलंय दाव म्हनतं, आन माझी चुलत सासू, तिनं तर पट्टीखाली बोट घालून अंगारा लावला. मोठ्या मानसाला नको म्हनायची सोय न्हाई. पुढं ताप चढला, टाक्यातनं पू यायला लागला. परत सांगली. डाक्टर लय तापले, अंगारा देवापुढं ठेवायचा हुता म्हनले. जंतू हाडापातुर गेल्यात, जखम परत उघडावी लागंल, जिवाचं काय सांगता येत न्हाई. चुलत सासू मालकांना म्हनली, आता घरला न्या, गावात तरी डोळं मिटूदे तिला. मी पडल्या पडल्या ऐकलं. असा राग आला म्हनता, म्हनलं मी काय मरत न्हाई जावा.

मग काय सांगू तुमाला, सडलेलं खरवडून काढलं, सुया चालूच, आन त्या उघड्या जखमंत रोज साखर भरायचे. व्हय, साखर. ती पानी ओढून घेती, मग जंतू जगत न्हाईत म्हनं. मालकांनी हे ऐकलं आन कारखान्याची सभासदाला मिळती ती साखर, अख्खं पोतं खांद्यावर घिऊन वॉर्डात हजर. हिला कमी पडू देऊ नका म्हनले. नर्स हसून हसून भिंतीला टेकली. डाक्टर म्हनले, आवं, आमची साखर निराळी, जंतू मारून ठेवलेली, ही चहात घाला. मालक म्हनले आता आनलीया तर राहूदे खाटंखाली. मुंग्या झाल्या, नर्सच्या शिव्या खाल्ल्या, पर पोतं हाललं न्हाई.

हळूहळू जखम लालभडक, ताजी दिसाय लागली, मग छातीचंच मांस सरकवून बुजवली. घरी सोडलं त्या दिवशी मी माझ्या हातानं पोतं फोडलं आन वॉर्डभर साखर वाटली. पयली मूठ मला न्यायला आलेल्या चुलत सासूला. म्हनलं आत्ती, तोंड गोड करा, तुमची सून माघारी आली. म्हातारी रडली, मग मीबी रडले.

आता तिला जाऊन लय वर्सं झाली, मी हाय अजून, उसात जाते येते. गावात कुनी ऑपरेशन हुऊन आलं की बघायला जाते, पर दारातच हुबी राहते, तिथनंच म्हनते बरा हुशील बाबा. हात लावत न्हाई. पदरात साखरंची पुडी मातर असती, बरा झाल्यावर वाटायला.