हाकेपासून ओपर्यंत

—तर ही बेल दादाच्या उशाशी असते. झटका आल्यापासून बोलता येत नाही ना त्याला, डावा हात तेवढा चालतो, तो दाबतो आणि मी जातो. तुम्हालाही एवढंच काम असेल बघा, ताई. पाणी हवं असतं, कूस बदलायची असते, कधी नुसतं मी घरात आहे ना, हे बघायचं असतं. थोरला आहे माझा, त्यानंच वाढवलंय मला, तेव्हा तक्रार अशी काही— आलो रे दादा! ...नाही वाजली? बरं. बसा, बसा.

मी? मी घरूनच काम करतो, या टेबलावर. हा हिरवा बोर्ड दिसतोय ना, तो सलाइनच्या पंपात बसतो. त्याच्यात कर्नल नावाचा प्रोग्राम असतो— फौजेतला नव्हे हो— सगळा कारभार बघणारा घरातला कर्ता म्हणा. तो आपल्या कामात असतो आणि मधेच कुणीतरी हाक मारतं— नळीत बुडबुडा आला, औषध संपलं— की हातातलं टाकून त्यानं ओ द्यायची. त्या हाकेला आमच्यात इंटरप्ट म्हणतात. हाकेपासून ओपर्यंत किती वेळ गेला, ते मी मोजतो. त्यात काय मोजायचंय, असं वाटेल तुम्हाला— मलाही वाटायचं. पण साहेबांना हवी असते सरासरी, आणि सरासरी कायम गोंडस दिसते. लाखभर हाकांना चटकन ओ दिली आणि एकीला दिलीच नाही, तर सरासरीला पत्ताही लागत नाही. ती एक हाक ज्या पेशंटची, त्यानं काय करायचं? म्हणून मी सगळ्यात वाईट वेळ शोधतो. सापडते कुठे, सांगू? कर्नल एखादं नाजूक काम करताना दार लावून घेतो. बाहेर कुणी कितीही बोंबललं तरी दार उघडेपर्यंत नाही म्हणजे नाही. चूक नाही हो त्याची, सारख्या हाकाच घेत बसला तर काम कधी करणार? पण दार किती वेळ लावून बसायचं, याला काही धरबंध हवा की नको?

आलो!— आता तरी वाजली ना? नाही? बघा, हे असं होतं. आंघोळीत वाजते, जेवताना वाजते, धावत जावं तर दादा गाढ झोपलेला. खोट्या हाका बोर्डालाही येतात, वायरीत काही खोट असली की. कर्नल धावत येतो, बाहेर कुणीच नाही. त्यावर इलाज म्हणजे आधी खात्री करायची, मग उठायचं. मीही तेच सुरू केलं. वाजली की लगेच उठत नाही, परत वाजते का बघतो. मग आणखी एकदा— नाही, त्याला त्रास द्यायला नव्हे हो! पण कोपऱ्यावर दूध आणायला गेलो तरी जीव टांगणीला, बहिणीकडे जाऊन किती दिवस झाले, मित्रांनी फोन करायचं सोडलं, कंटाळा आला हो मला, फार कंटाळा आला. आणि ती दादाच्या कपाळावरची पट्टी— मघाशी म्हणालो ना, खाटेवरून पडला, टेबलाचा कोपरा लागला— लागलाच कोपरा, खोटं नाही. पण त्याआधी तो बेल दाबत होता. मी इथे, या खुर्चीत, स्वतःला समजावत बसलो होतो की ही खोटी आहे.

तशी सरासरी माझीही चांगली आहे, ताई. विचारा कुणालाही.

अशा बघू नका ना. तुम्ही फक्त हो म्हणा, दिवसा तरी या, मग मी— अहो, कुठे निघालात? बेल? छे, ती नेहमीचीच, तुम्ही बसा, परत वाजते का ते—

तुम्हाला ऐकू आली?

जा. तुम्हीच जा, डावीकडची खोली. माझ्याच्यानं उठवत नाहीये.