विलासने मागितलेलं पाणी

परळच्या इस्पितळातल्या बाकावर माझ्या शेजारी एक बाई आणि व्यायामशाळेचे उस्ताद बसले होते.

"मंजुळावहिनी, स्टेजवर शिरा दिसायला दोन दिवस पाणी तोडावंच लागतं. सगळेच तोडतात."

"सगळे इथे कुठायत, धर्माभाऊ? माझाच विलास आहे."

"आशियाई शरीरसौष्ठव स्पर्धेची निवड होती ओ. भारताचा ब्लेझर अंगावर आला असता."

"काल दुपारी त्याने पाणी मागितलं."

"मग?"

"दिलं नाही. त्यानेच शपथ घातली होती, मी रडलो तरी देऊ नकोस. नळ गेलेला. भरलेला हंडा उचलून शेजारच्या पुतळाबाईंकडे ठेवून आले."

"वहिनी..."

"गिरणीच्या संपात तीन वर्षांचा होता तो. घरात दाणा नसायचा. भूक लागली म्हणाला की पाणी पाजून निजवायचे. पाण्याला कधी नाही म्हटलं नव्हतं."

नर्स दारात आली.

"विलासची आई कोण? लवकर आत या. त्याच्या तोंडात दोन थेंब पाणी घाला."

बाई उठल्या. हात रिकामेच होते. माझ्याकडे वळल्या.

"आजी, तुमच्याकडे पाणी आहे का?"