पहिला चौकोन

(दवाखान्याचा जिना. खालच्या पायरीवर मुलांच्या व्हॅनचे चालक काका, कपाळाला पट्टी. शेजारी उभी छकुलीची आई, हातात फोन.)

आई : "भाड्याने पोरं नेतो ना तो? मग पॉलिसीही तशीच हवी." वन्संनी बजावलं होतं मला, काका. त्या विम्याच्याच कचेरीत आहेत. मी म्हटलं, तुम्हाला जेवतानाही पॉलिसीच दिसते!

काका : ते राहू द्या, ताई. शिंपीणबाईंच्या धाकटीचा हात?

आई : दोन ठिकाणी मोडलाय. ऑपरेशन करतायत. बाकीच्यांना नुसतं खरचटलंय.

काका : कुत्रं आडवं आलं हो. वीस वर्षांत माझा साधा आरसा फुटला नाही. तुमची छकुली तापामुळे घरी राहिली, देवच पावला.

आई : असं नका म्हणू.

काका : शिंपीणबाईंना सांगितलं, रडू नका, विमा आहे. आपल्या शिकलेल्या ताईंनी फॉर्म भरलाय.

आई : वन्संचा फोन आला होता. कंपनी हात वर करणार म्हणाल्या.

काका : का म्हणून? हप्ता भरलाय की!

आई : फॉर्मवर दोन चौकोन होते. गाडी स्वतःसाठी, की भाड्याने प्रवासी न्यायला? दुसऱ्याला हप्ता दुप्पट दिसला. वाटलं, काकांचे तेवढेच वाचतील.

काका : मग?

आई : पहिल्यावर खूण केली.

काका : आणि मी त्या उपकाराची फेड म्हणून छकुलीला खिडकीची जागा दिली. कायमची.

आई : हो.

काका : म्हणजे कागदावर ही पोरं गाडीत नव्हतीच?

आई : कागदावर तुम्ही तुमच्या कामाला निघाला होता.

काका : थांबा, ताई. माझ्या भावाच्या हिरव्या व्हॅनचा फॉर्म...

आई : अगं बाई! तुमचाच समोर ठेवून भरला होता. जसाच्या तसा.

काका : त्याची दुपारची फेरी सुटली असेल आता.

आई : लावा फोन! पोरं घेऊन निघू नको म्हणावं.

काका : गाडी चालवताना उचलत नाही तो. मीच शिकवलंय.

आई : मग पालकांच्या ग्रुपवर बोलते. (फोन तोंडाशी धरून) ऐका, मी छकुलीची आई. हिरव्या व्हॅनची मुलं आज स्वतः जाऊन उतरवून घ्या. का ते सांगते, चूक माझी आहे. आणि तुम्ही बाकीचे... तुमच्या मुलांना जो कोणी नेत असेल, त्याला आज एवढं विचारा, त्याचा विम्याचा फॉर्म कोणी भरलाय.