माझ्याकडे फक्त आमेन

नाही, पण मला सांगा, चव्वेचाळीस वर्षं ज्या माणसानं जेवणाआधी फक्त एक शब्द उच्चारला, त्याला एके दिवशी अख्खी प्रार्थना करायला लावायची, हा काय न्याय झाला? आणि शब्द तरी केवढा. आमेन. तोही शेवटी. लग्न झालं त्या आठवड्यातच आमच्या घरात कामं वाटली गेली. प्रार्थना तिच्याकडे, आमेन माझ्याकडे. मी सुतार माणूस, चौथीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही. टेबल करून द्या म्हणालात तर देतो, डुगडुगणार नाही याची हमी, पण देवाशी मोठ्यानं बोलायचं म्हणजे... नाही जमत. माझ्याकडे फक्त आमेन.

आणि हिची प्रार्थना म्हणजे, तुम्हाला सांगतो, ताटातली वाफ निघून जाईपर्यंत. जगात शांती दे, इथून सुरुवात. मग आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचा खोकला, मुलाची बदली, सुनेची दाढ, सुनेच्या वडिलांचा, म्हणजे आमच्या व्याह्यांचा गुडघा, वरच्या मजल्यावरची शिंपीणबाई... आणि सगळ्यांत शेवटी मी. "प्रभू, या घरात एक माणूस आहे, नाव घेत नाही, तो अंगावरचा भुसा न झटकता आत येतो, त्याला सुबुद्धी दे." घरात माणसं दोन. नाव घ्यायचं राहिलं कुठे? बरं, डोळे मिटलेले, हात जोडलेले, मध्ये बोलायची सोय नाही. तो भुसा नव्हता हो, पीठ होतं, तिचंच सांडलेलं. पण सांगणार कसं? माझ्याकडे फक्त आमेन. आणि तेही म्हणायचंच, म्हणजे आपल्याच गुन्ह्यावर आपलाच अंगठा.

तर झालं असं की हिचा आवाज बसला. महिना झाला, उठेना. डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि म्हणाले, "आजोबा, गाठ आहे. काढू. तपासायला पाठवू, आठ दिवसांत कळेल कसली आहे ती. आणि नंतर पंधरा दिवस आजींनी एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही." मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, हे तुम्हीच तिला सांगा, माझ्याच्यानं होणार नाही."

गाठ काढली. मुलगा आला, तीन दिवस राहिला, तेवढे दिवस प्रार्थना त्यानं केली, आणि नातीची जुनी पाटी आजीला देऊन गेला. आता हिचं भांडण पाटीवर. ही लिहिणार भराभर, मी वाचणार अक्षर अक्षर लावून. मला राग येईपर्यंत तिचा संपलेला असायचा.

मुलगा गेल्यावर पहिल्या दिवशी ताटं वाढली, मी सवयीनं हात जोडले, आणि बसलो वाट बघत. एवढ्यात पाटी पुढे आली. "तुम्ही."

म्हटलं, "अगं, तू मनात कर. देवाला मनातलं ऐकू येतं."

तिनं पुसलं, लिहिलं. "देवाला येतं. मला येत नाही."

मग काय, केली. "प्रभू, जेवण दिलंस. बरं केलंस. आमेन." ताटावर चमचा वाजला. टण्ण. पाटीवर आली यादी, वरपासून खालपर्यंत. मग मी एक डोळा मिटलेला, एक पाटीवर, असा देवापुढे बसलो. "जगात... शांती... पाळकसाहेबांची... दाढ..." टण्ण. "खोकला, खोकला." एकदा मीही घेतला सूड उगवून, "प्रभू, या घरात एक माणूस आहे, नाव घेत नाही, तो सारखा चमचा वाजवतो." त्यावर वाटी वाजली.

आणि रोज काहीही म्हणा, व्याह्यांचा गुडघा राहायचाच. माझं त्या गुडघ्याशी काही वाकडं नाही. पण तो यादीत तळाला, आणि तिथं पोचेपर्यंत माझा दम संपायचा. गंमत म्हणजे व्याही हिला बघायला आले ते तीन जिने चढून, हसत. मी हिच्याकडे पाहिलं, बघ, न मागताच दिलं. तिनं पाटी उचलली. "मी मनात मागते."

मग आला आठवा दिवस. डॉक्टर म्हणाले होते, दुपारी तीनला फोन करा. आम्ही जेवायला बसलो एकला. हिनं पाटी घेतलीच नाही, उपडी ठेवून दिली, मांडीत हात घेऊन बसली. त्या हातांकडे मी बघितलं आणि मला यादीतलं एकही नाव आठवेना. म्हटलं, "प्रभू, तू सुताराच्या घरी वाढलास. तुला माहीत आहे, एकदा कापलं की ते परत जोडता येत नाही. तर डॉक्टरांनी कापलंय तेवढंच असू दे. आणखी कापायला लावू नको. आणि हिचा आवाज दे. ती बोलत नाही तर मी घरात आलोय की नाही, हेच मला कळत नाही..."

पुढे काही सुचेना. चमचाही वाजेना. डोळे उघडले तर भाजी गार, आणि पाटी माझ्यासमोर. वेडावाकडा एकच शब्द, अक्षर अक्षर करून लिहिलेला. "आमेन."

म्हणजे बघा, आयुष्यभर माझ्याकडे एकच काम, आणि नेमकं त्या दिवशी मी ते विसरलो.

तीनला फोन केला. गाठ साधी निघाली. मी फोन ठेवला आणि उगाच एका खुर्चीचा पाय तपासत बसलो, चांगला घट्ट होता तरी.

पंधराव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "हं आजी, बोला काहीतरी, हळू." मी पुढे सरकलो. पंधरा दिवसांनी पहिला शब्द, माणसाला काही अपेक्षा असते की नाही? हिनं घसा साफ केला, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "डॉक्टर, हे रोज व्याह्यांचा गुडघा विसरतात."

ठीक. आवाज आला, आपण सुटलो. संध्याकाळी ताटं वाढली, मी आरामात हात जोडले, डोळे मिटले.

"करा की," ही म्हणाली.

"अगं, आता तुझा आवाज आलाय ना?"

"आलाय. पण मला ऐकायची सवय झाली. आमेन मी म्हणते. आणि सुरुवात गुडघ्यापासून करा, म्हणजे राहायचा नाही."

तर आता माझ्याकडे जगाची शांती आहे, खोकला आहे, दाढ आहे, बदली आहे, आणि सगळ्यांत आधी गुडघा. जेवण रोज गार. आणि माझं ते आमेन... ते तिच्याकडे गेलं, आणि मी डोळे मिटून बसलो की ती मध्येच म्हणते, "आटपा की, भाजी गार होतेय."