एक हात रिकामा असताना

वीरभद्र शिवाप्पा हत्तरकी, वय ७१ वर्षे, धंदा सेवानिवृत्त मराठी शिक्षक, राहणार गडहिंग्लज, जिल्हा कोल्हापूर. ता. १२ मार्च १९७४ रोजी समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की,

माझ्या घराच्या सोप्यावर नजीरा गौस मणेर ही बाई बांगड्या भरण्याचा धंदा करते. तिची चार वर्षांची मुलगी बिबीजान तिच्यापाशी असते. मलकापूर येथे नवरा गौस याने डावे मनगट मोडल्यानंतर नजीरा मुलीला काखेत घेऊन माहेरी आली. मनगट वाकडेच जुळले. त्याच हाताने ती बायकांचे हात चेपून, काच तडकू न देता बांगड्या चढविते.

आज सकाळी ती शेजारीण शेवंताबाई हिला बांगड्या भरत होती. उजवा हात भरून झाला होता, डावा रिकामा होता. एक हात रिकामा ठेवून सवाष्ण उठत नाही, असा आमच्याकडील रिवाज आहे. चुलीवरचे दूध उतू गेले तरी बायका उठत नाहीत. इतक्यात गौस आला व ‘पोरगी माझी हाय’ असे म्हणून त्याने मुलीचा दंड धरला. नजीरेने मुलीला सोडवून माजघरात ढकलले. त्याने नजीरेस लाथ मारून खाली पाडले. मी मध्ये पडलो असता तो म्हणाला, ‘मास्तर, नवरा-बायकूच्या भांडणात तुमी पडू नगासा.’

तेव्हा शेवंताबाई तशीच उठली व माजघराच्या दारात आडवी उभी राहिली.

गौस म्हणाला, ‘तुमच्या मालकास्नी सांगू काय?’

ती म्हणाली, ‘सांग की! काय करंल? मारंल. ते रोजचंच हाय. पर पोरगी न्हाय मिळायची.’

भिंतीपलीकडून तिच्या घरातील आवाज मला कित्येक वर्षे ऐकू येतात. तिचा स्वतःचा आवाज मी प्रथमच ऐकला.

गौसने तिचा उजवा हात पिरगाळला. नव्या बांगड्या फुटल्या व काच त्याच्याच तळव्यात घुसली. ‘बायकांनी धारदार शस्त्राने हल्ला केला’ हे त्याच्या फिर्यादीतील विधान धादांत खोटे आहे. परस्त्रीचा हात पिरगाळणाऱ्यास काच लागली, तर त्यास हल्ला म्हणत नाहीत.

त्या फिर्यादीवरून नजीरेस येथे पोलीस ठाण्यात आणले आहे व गौसने मुलीचा ताबा मागितला आहे. आईचे मनगट मोडणाऱ्याच्या हाती मुलगी देणे योग्य, असे ज्या कोणास वाटत असेल, त्याने आपले नाव व हुद्दा या जबाबाखाली लिहावा. माझे मी प्रारंभीच सांगितले आहे.

शेवंताबाई बिबीजानला मांडीवर घेऊन बाहेर पायरीवर बसली आहे. तिचे मालक दोनदा बोलावून गेले. उजवा हात रक्ताळलेला, डावा रिकामा. दुसऱ्या मणेरणीकडून बांगड्या भरून घरी जावे, असे मी सुचविले असता ती म्हणाली, ‘नजीरा भाइर आली की तिच्याच हातनं भरीन. तवर अशीच बसणार.’

हा मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखविला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. कागदाच्या मथळ्यातील ‘किरकोळ घरगुती भांडण’ हे शब्द माझे नव्हते. ते खोडून ‘मारहाण’ असे लिहिल्यानंतरच मी सही केली आहे.